कार्ड स्कॅन केलं, किंमत आली. पण ती आली कुठून?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत बेसबॉलचं एक कार्ड लिलावात ११ लाख डॉलरच्या वर गेलं. आपल्या पैशात साडेनऊ कोटींच्या आसपास. पिट्सबर्ग पायरेट्स टीमचा तरुण पिचर पॉल स्कीन्स याचं हे कार्ड. पहिल्या मॅचमध्ये त्याच्या जर्सीवर असलेला पॅच कार्डात बसवलेला, त्यावर त्याची सही, आणि जगात अशी एकच प्रत. ती मिळाली एका ११ वर्षांच्या मुलाला, कार्डांचं पाकीट फोडताना. टीमने जाहीर ऑफर दिली होती: कार्ड आम्हाला द्या आणि होम प्लेटच्या मागच्या दोन सीटची सीझन तिकिटं ३० वर्षं घ्या. घरच्यांनी नाही म्हटलं आणि कार्ड लिलावात टाकलं.

आता मला सांगा, लिलावाच्या आदल्या दिवशी या कार्डाची किंमत किती होती? एकाही प्राइस गाइडकडे याचं उत्तर नव्हतं. प्रत एकच, आणि ती आधी कधी विकलीच गेली नव्हती. अंदाज भरपूर होते, आकडा नव्हता. लिलाव संपला त्या क्षणी आकडा तयार झाला.

हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण तुमच्या फोनमधलं ॲप कार्डाचा फोटो घेऊन दोन सेकंदांत ‘४२ डॉलर’ असं ठणकावून सांगतं, तेव्हा आत हीच अडचण लहान आकारात चालू असते. कार्डाची ‘खरी किंमत’ कुठे लिहून ठेवलेली नसते. जुन्या व्यवहारांवरून ती काढावी लागते. कोणते व्यवहार मोजले आणि कोणते सोडले यावर आकडा बदलतो, आणि ही निवड स्क्रीनवर दिसत नाही.

आधी पुस्तक होतं

ट्रेडिंग कार्ड म्हणजे जाड कागदावर छापलेला खेळाडूचा फोटो, मागे त्याची आकडेवारी. बंद पाकिटात मिळतात, आत कोण निघेल ते नशीब. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत डब्ल्यूडब्ल्यूईची कार्डं अशीच जमवली आणि मधल्या सुट्टीत अदलाबदल केली. अमेरिकेत हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे आणि तिथे त्याचा मोठा बाजार आहे.

या बाजारात भावाचं पुस्तक आणणारा माणूस चक्क स्टॅटिस्टिक्सचा प्राध्यापक होता. जेम्स बेकेट. १९७० च्या दशकात त्याने कार्ड जमवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना प्रश्नावल्या पाठवल्या: अमुक कार्ड तुम्ही कितीला घेता, कितीला देता? त्या उत्तरांवरून १९७९ मध्ये पहिलं जाड पुस्तक निघालं आणि १९८४ पासून मासिक. प्रत्येक कार्डापुढे दोन आकडे असायचे, खालचा आणि वरचा. भाव चढला की वर जाणारा बाण, उतरला की खाली जाणारा.

हे वाचून तुम्हाला बाजार समितीचा तक्ता आठवला असेल तर बरोबरच आहे. लासलगावच्या कांद्याचे भाव बघा: किमान, कमाल, सर्वसाधारण. कमाल भाव त्या दिवशी एक-दोन ट्रॅक्टरनाच मिळालेला असतो हे शेतकऱ्याला पक्कं माहीत असतं. बातमी मात्र कमाल भावाची होते. कार्डांचंही तेच झालं. दुकानातल्या पोरांच्या तोंडी बेकेटचा वरचाच आकडा असायचा. त्याला ‘बुक व्हॅल्यू’ म्हणायचे आणि कार्डांची अदलाबदल त्या हिशेबाने चालायची. पण तेच कार्ड रोख पैशात विकायला गेलात तर दुकानदार बुक व्हॅल्यूच्या निम्मे हातावर ठेवायचा.

पुस्तकाची खरी परीक्षा १९८० चं दशक संपताना झाली. कार्डं म्हणजे गुंतवणूक असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं आणि कंपन्यांनी छापखाने मोकळे सोडले होते. लोकांनी पेट्याच्या पेट्या घेऊन माळ्यावर टाकल्या. आज त्या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात, कारण तेव्हाच्या बहुतेक कार्डांची आज रद्दीइतकी किंमत आहे. १९८९ च्या अप्पर डेक सेटमधलं केन ग्रिफी ज्युनियरचं कार्ड त्या काळातलं सगळ्यात प्रसिद्ध. पीएसए या कंपनीने तपासून १० पैकी १० दिलेल्या त्याच्या प्रतीच आज चार हजारांहून जास्त आहेत. मासिकातले आकडे मात्र गिऱ्हाईक पळून गेल्यावरही बराच काळ उभे होते. विक्रीच होत नसेल तर भाव उतरल्याचं कळणार कसं? छापलेला आकडा तिथेच राहतो आणि माळ्यावरच्या पेटीचा मालक स्वतःला श्रीमंत समजत राहतो.

मग ईबे आलं

१९९५ मध्ये ईबे सुरू झालं आणि पहिल्यांदाच लोकांना प्रत्यक्ष झालेली विक्री दिसायला लागली. ‘किती मिळतील’ हे मासिकाला विचारायची गरज उरली नाही. काल कुणाला किती मिळाले ते समोर दिसत होतं. आजची बहुतेक सगळी ॲप आणि साइट याच डेटावर उभ्या आहेत, त्यात मोठ्या लिलावगृहांचे निकाल मिसळलेले. कार्ड लॅडर, मार्केट मूव्हर्स, ऑल्ट ही त्यातली ठळक नावं. कॉलएक्स आणि लुडेक्स ही फोनने स्कॅन करणारी ॲप.

ऐकायला सोपं वाटतं: विक्रीचा डेटा घ्या, सरासरी काढा, संपलं. मी दिवसभर डेटाच्या पाइपलाइन लिहितो, म्हणून सांगतो, घोळ सरासरी काढण्याआधीच सुरू होतो.

पहिलं काम म्हणजे कार्ड ओळखणं. फोटोवरून खेळाडू, वर्ष आणि सेट ओळखणं आजच्या इमेज रेकग्निशनला फारसं जड नाही. जड आहे ते एकाच कार्डाचे भाऊबंद वेगळे करणं. बास्केटबॉलमध्ये पनिनी कंपनीचा ‘प्रिझम’ सेट घ्या. २०१८-१९ च्या सेटमध्ये लुका डॉन्चिचचं २८० नंबरचं कार्ड आहे. त्याचं एक साधं रूप, एक चंदेरी, शिवाय लाल, निळं, हिरवं वगैरे डझनभर. यांना ‘पॅरलल’ म्हणतात. फोटो तोच, नंबर तोच. साधं आणि चंदेरी यातला फरक एवढाच की चंदेरी कार्ड प्रकाशात तिरकं धरलं की इंद्रधनुष्यासारखं चमकतं. ट्यूबलाइटखाली सरळ काढलेल्या फोटोत ती चमक बरेचदा येतच नाही, आणि दोघांच्या भावात मोठा फरक असतो. ओळखायची साधी युक्ती: कार्ड उलटं करा. पॅरललच्या मागे ‘प्रिझम’ हा शब्द छापलेला असतो, साध्याच्या मागे नसतो. ॲपने फक्त पुढची बाजू बघितली असेल तर ते अंदाजच मारतंय.

विक्रीच्या यादीतही तोच गोंधळ. विकणारा शीर्षकात काहीही लिहितो. साध्या कार्डाला ‘चंदेरीसारखं’ म्हणतो, सर्चमध्ये यावं म्हणून तीन खेळाडूंची नावं घालतो, दहा कार्डांचा गठ्ठा एका नावाखाली विकतो. हा कचरा गाळल्याशिवाय पुढचं गणित फुकट आहे.

गाळल्यावर गणित. समजा एका कार्डाच्या शेवटच्या पाच विक्री अशा आहेत: ४०, ४२, ३८, ४१ आणि १५० डॉलर. (आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत.) सरासरी येते ६२ डॉलर. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा, येतो ४१. बाजारात हे कार्ड ६२ ला कुणीही घेणार नाही. तो १५० वाला व्यवहार कदाचित सही केलेल्या प्रतीचा असेल, किंवा दोन हट्टी लोक लिलावात भिडले असतील, किंवा विकणाऱ्यानेच मित्राकरवी बोली वाढवून घेतली असेल. शेवटच्या प्रकाराला ‘शिल बिडिंग’ म्हणतात. कधीकधी जिंकणारा पैसेच भरत नाही, तरी तो आकडा नोंदीत काही काळ दिसत राहतो. म्हणून शहाणं गाइड मध्यक वापरतं, टोकाचे आकडे कापतं आणि अलीकडच्या विक्रीला जास्त वजन देतं. आळशी गाइड ‘शेवटची विक्री’ दाखवून मोकळं होतं.

एक गंमत ईबेच्या स्वतःच्या यादीत आहे. तिथे ‘बेस्ट ऑफर’ नावाची सोय असते: विकणारा १०० लावतो, तुम्ही ७० म्हणता, तो हो म्हणतो. विक्री झालेल्यांच्या यादीत मात्र १०० वर काट मारलेली दिसते आणि ७० कुठेच दिसत नाही. काही गाइड हा आतला आकडा शोधून घेतात. जे घेत नाहीत, त्यांच्याकडे घासाघीस होण्याआधीचे भाव खऱ्या भावांच्या रांगेत बसतात. ईबेवर विक्रीचा साधारण ९० दिवसांचाच इतिहास मोकळा दिसतो, त्यामुळे त्याआधीचं ज्याने साठवून ठेवलं त्याच्याकडे खजिना. अशा साइट वर्गणी मागतात त्याचं कारण हेच.

जॉर्डनचं कार्ड, एका वर्षात

भावाचा आकडा किती लवकर शिळा होतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे मायकेल जॉर्डनचं १९८६ चं फ्लिअर कार्ड, नंबर ५७. पीएसएकडून १० पैकी १० मिळालेल्या त्याच्या प्रती तीनशेच्या थोड्या वर आहेत. म्हणजे दुर्मीळ, पण इतकंही नाही की वर्षात विक्रीच होणार नाही. गाइडसाठी आदर्श कार्ड म्हणा ना.

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये जॉर्डनवरची ‘द लास्ट डान्स’ ही डॉक्युमेंटरी मालिका आली. लॉकडाऊन होतं, लोक घरात, हातात फोन, काहींच्या खात्यात सरकारी मदतीचे पैसे. तोवर लाख डॉलरच्या बऱ्याच खाली असलेलं हे कार्ड चढायला लागलं आणि जानेवारी २०२१ च्या अखेरीस एकाच लिलावात दोन प्रती प्रत्येकी ७,३८,००० डॉलरला गेल्या. पुढच्या वर्षभरात तेच कार्ड, तोच दर्जा, दोन लाखांच्या आसपास आलं.

आता फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲप उघडणाऱ्याचा विचार करा. गेल्या आठवड्यात ७,३८,०००, तेही एकदा नाही, दोनदा. आलेख सरळ वर. आकडा शंभर टक्के खरा, व्यवहार झालेला, पैसे भरलेले. तरी तो ‘आज विकलं तर किती मिळतील’ याचं उत्तर नव्हता. भाव उतरताना तीन महिन्यांची सरासरी वरच लटकत राहते, कारण जुने महाग व्यवहार त्यातून निघायला तीन महिने लागतात. चढताना उलट, गाइड मागे पडतं आणि हुशार घेणारा ‘गाइडच्या भावाने दे’ म्हणून गरिबाला गंडवतो. माझ्या मते कुठल्याही गाइडने आकड्याच्या शेजारी दोन गोष्टी दाखवायलाच हव्यात: हा आकडा किती विक्रींवरून काढला आणि त्यातली शेवटची कधीची. काही दाखवतात. बहुतेक ॲपमध्ये त्या दोन टॅप आत लपलेल्या असतात, आणि मोठ्या अक्षरात फक्त डॉलर.

दहा आणि नऊ

वर दोनदा ‘१० पैकी १०’ आलं. हे ग्रेडिंग. तुम्ही कार्ड कंपनीकडे पाठवता, ते कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यभागी आहे का ते तपासतात, १ ते १० मध्ये मार्क देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. पीएसए ही यातली सगळ्यात मोठी कंपनी, १९९१ पासून. कोविडच्या काळात तिच्याकडे इतकी कार्डं आली की मार्च २०२१ मध्ये तिला बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या.

नऊ आणि दहा यातला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही. भावात मात्र तो प्रचंड असतो. जॉर्डनच्या त्या कार्डात दहावालं नऊवाल्याच्या अनेक पटींनी महाग आहे. म्हणून ‘या कार्डाची किंमत किती’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या ग्रेडची? ग्रेड न केलेल्या कार्डाचा भाव म्हणजे तर ‘कदाचित दहा मिळेल, बहुधा आठ’ अशा आशेचा भाव. फोनचा कॅमेरा वाकलेला कोपरा पकडेल, केसासारखा ओरखडा नाही.

आणि ग्रेड माणसं देतात. होनस वॅगनर या खेळाडूचं शंभर वर्षांहून जुनं एक कार्ड हे पीएसएने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड, ८ मार्कांचं. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं. पुढे ते विकणाऱ्या बिल मास्ट्रोने फसवणुकीच्या खटल्यात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला नियमाने तसे मार्क मिळायलाच नको होते.

मार्क देणारा आणि भाव सांगणारा एकच

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख लिहायला घेतला ती. पीएसएची मालक कंपनी ‘कलेक्टर्स’. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने प्रतिस्पर्धी ग्रेडिंग कंपनी एसजीसी विकत घेतली. विक्रीचा डेटा गोळा करून भाव दाखवणारी कार्ड लॅडर ही साइटही तिच्याच छत्राखाली आहे. म्हणजे दर्जा ठरवणारा आणि त्या दर्जाचा भाव सांगणारा, एकच घर.

पीएसएची फी कशी ठरते बघा. कार्ड पाठवताना तुम्ही त्याची किंमत जाहीर करता आणि त्यानुसार फीचा टप्पा असतो. ग्रेड झाल्यावर किंमत त्या टप्प्याच्या वर गेली असं कंपनीला वाटलं तर ती जास्तीची फी लावते. त्यात काही बेकायदा नाही, आणि कुणी आकडे फिरवतंय असा माझा आरोपही नाही. पण कोडमध्ये असं डिझाइन कुणी रिव्ह्यूला पाठवलं तर मी पहिली कॉमेंट हीच टाकेन: इनपुट तपासणारा आणि आउटपुटवर पैसे घेणारा एकच मॉड्यूल का?

आपल्याकडे फ्लॅटच्या व्यवहारात रेडी रेकनर असतो. तो दर आणि बाजारभाव यांची फारकत सगळ्यांना माहीत असते, पण निदान तो दर सरकार दरवर्षी जाहीर करतं आणि तो कोणत्या कामासाठी आहे हे स्पष्ट असतं. कार्डांच्या गाइडचा आकडा आता फक्त ‘माहितीसाठी’ उरलेला नाही. अमेरिकेत कार्ड तारण ठेवून कर्ज मिळतं आणि कर्ज किती द्यायचं ते अशाच अंदाजावर ठरतं. बेकेटच्या मासिकाचा आकडा चुकला तर दोन शाळकरी पोरांची अदलाबदल बिघडायची. आता चुकला तर तारण बुडतं.

तुमच्या हातात किती

ऑगस्ट २०२५ मध्ये मायकेल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्या आणि जर्सीवरचे लोगो असलेलं, एकच प्रत असलेलं कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरला गेलं. त्याआधीचा विक्रम १९५२ च्या मिकी मँटल कार्डाचा, ऑगस्ट २०२२, १ कोटी २६ लाख. बातम्यांत हेच आकडे आले. पण मँटलच्या कार्डावर हातोडा पडला तो १ कोटी ५ लाखांवर. वरचे २० टक्के लिलावगृहाचं कमिशन, जे घेणारा भरतो. विकणाऱ्याच्या हिशेबात ते २१ लाख नव्हतेच. गाइडमध्ये मात्र नोंद मोठ्या आकड्याची होते.

लहान कार्डाचंही तसंच. ॲप १०० डॉलर म्हणतं. ईबे साधारण १३ टक्के घेतं, राहिले ८७. पॅकिंग आणि पोस्ट वजा करा. भारतातून पाठवायचं तर कुरिअरच कार्डापेक्षा महाग पडेल. दुकानात नेलं तर दुकानदाराला स्वतःचा नफा काढायचा असतो, त्यामुळे तो ६०-७० च्या वर सहसा जात नाही.

आपल्या कपाटातल्या कार्डांची अडचण आणखी वेगळी. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या फ्युटेरा कंपनीने क्रिकेटची कार्डं काढली होती, त्यात सचिनही आहे. बेसबॉलच्या कार्डाच्या महिन्याला शेकडो विक्री होतात, अशा क्रिकेट कार्डांच्या मोजक्याच. पाच व्यवहार असतील तर मध्यक काढता येतो, एकच असेल तर तो एक व्यवहार हाच ‘भाव’ होऊन बसतो. एका मित्राने त्याच्याकडचं सचिनचं कार्ड स्कॅन केलं आणि आलेल्या आकड्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. मी आत जाऊन बघितलं तर तो आकडा एका विक्रीवरून आला होता, चौदा महिन्यांपूर्वीच्या, आणि विकलं गेलेलं कार्ड ग्रेड केलेलं होतं. त्याचं कार्ड वहीच्या कव्हरमध्ये होतं, एका कोपऱ्यावर स्टेपलरचं भोक.